जागीरदारांच्या बागेत चाळीस पावलं

माघातला एक दिवस जागीरदारांची बाग बायकांसाठी उघडतात. त्या दिवशी आत पुरुषाची सावली नसते, माळीसुद्धा भिंतीबाहेर. बेगमसाहेबांचा तसा हुकूम आहे. आमची सून गौरा तीन वर्षं माझ्या मागं लागली होती. मी म्हणायची, परक्याची झाडं बघून पोट भरतं का? औंदा मीच म्हणलं, चला. गौरानं माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

वाचनालयातल्या वहीत पाहिलेल्या गावांची माहिती लिहा असं मास्तर सगळ्यांना सांगतात. बाप्ये लिहितात आणि अर्धं खोटं लिहितात. मला बालबोध तेवढं येतं, तेही वाकडं. पण जाणारीला उपयोग व्हावा म्हणून लिहिते.

मी बाग बघायला निघालेच नव्हते, हे आधी सांगते. आम्ही लिंगायत. आमच्यात मेलेल्याला जाळत नाहीत. खड्ड्यात बसवतात, हातात त्याचं लिंग देतात, विभूती आणि बेल टाकतात, मग माती. माझा पहिला मुलगा सिद्धू सहाव्या वर्षी पटकीनं गेला. तेव्हा आम्ही ही बाग आहे त्याच गावाला राहायचो. गावाबाहेर ओढ्याच्या अंगाला आमच्या लोकांचं पुरायचं रान होतं, तिथं त्याला बसवला. आमच्या घरच्या बायका तिकडं जात नव्हत्या, मी दारातच उभी राहिले. पुढं आम्ही ताडकळसला आलो. मागून जागीरदारांनी बंगल्याभोवती भिंत घातली आणि ते रान भिंतीच्या आत गेलं. आम्हाला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी नाही म्हणायची सोय कुठं होती?

गेल्या कार्तिकात आमचे मालक गेले. जायच्या आधी दोन दिवस म्हणाले, "माझ्यावर पोराची मूठभर माती टाक."

मी म्हणलं, "कुठं शोधू?"

"विहिरीच्या थारोळ्यापसून उगवतीकडं चाळीस पावलं. मी मोजल्यात."

थारोळं म्हणजे मोट जिथं रिकामी होते ती दगडी कुंडी. मालक गेले, माती राहिली. आमची बाग बघायची हौस ती एवढीच. गौराला यातलं काही सांगितलं नव्हतं. ती सांगितलेलं पोटात ठेवत नाही.

तांबडं फुटायला गाडी जुंपली. हाकायला महालिंग, माझा धाकटा, आता तोच थोरला. गाडीत मी, गौरा आणि नात पारू. पारू परभणीला आजोळी राहून शाळेत जाते, चौथीत आहे, चार दिवसांसाठी आली होती. चार कोसांची वाट. ओढ्यापर्यंत रस्ता बरा. पुढं काळं रान, चाकोऱ्या अशा की बसल्या जागी दात वाजतात. गाडीत कडबा जाड टाका, वर वाकळ घाला. नेसत्या लुगड्यावर दुसरं कोरडं घ्या, कारण ओढ्यात पाणी उडतं.

"आत्याबाई, पाठ दुखायली का?" गौरानं विचारलं.

"पाठ हाय म्हणून दुखती. तू म्होरं बघ."

ओढ्यापलीकडं एका रानात हुरडा भाजायचं चालू होतं. मागितला तर देतात, नाही म्हणत नाहीत. गुळाचा खडा मात्र आपला न्यावा. महालिंगानं उभ्या उभ्याच ओंजळभर खाल्ला. अंगानं बापावर गेलाय. ताडमाड, आमच्या दारातून वाकल्याशिवाय आत येत नाही.

दिवस कासराभर वर आला तेव्हा फाटकाशी पोचलो. माणशी एक आणा घेतात, पारूचा अर्धा. मोड न्या, तिथला दरबान उरलेले पैसे द्यायला विसरतो. महालिंग सहज चार पावलं आत आला तर त्यानं काठी आडवी घातली.

"मर्द बाहेर."

"मला फक्त माझ्या मायला आत सोडायचंय."

"माय लहान हाय का?" दरबान म्हणाला.

महालिंग बाहेर लिंबाखाली गेला. तिथं वीसेक गाड्या सुटल्या होत्या. बैलांना पाणी मिळतं, वैरण आपली न्यावी.

आधी बंगला दाखवतात. पायातलं काढून ओसरीपर्यंत जायचं, आत नाही, खिडकीतून बघायचं. रंगीत काचा आहेत, छताला काचेची झुंबरं, माणूस निजेल एवढा पंखा, तो दोरीनं ओढतात. भिंतीवर हरणांची मुंडकी, एकाखाली एक, डोळे काचेचे. बायका "अगं बाई" करीत होत्या. मी म्हणलं, मेलेल्याला घरात ठेवायची यांना हौस दिसते. गौरा म्हणाली, आत्याबाई, हळू.

बागेत आमच्याबरोबर रहिमाबी आली. ती माळ्याची म्हातारी आई, माझ्याच वयाची, त्या दिवशी तीच सगळं दाखवते. कारंजं दाखवलं, ते बंद होतं. मोर दाखवला, तो पिंजऱ्यात. गुलाबाचे वाफे मात्र चांगले आहेत. मी विचारलं, "विहीर कुठली?"

"लोकं कारंजं इचारतात, अम्मा, तुमी बावडी इचारायल्या," असं म्हणून तिनं नेलं. विहिरीला आता कठडा बांधलाय, पांढरा. थारोळं तेच होतं, जुनं, एका कोपऱ्याला टवका उडालेलं. त्यात कमळं लावली आहेत.

मी थारोळ्याला पाठ लावली, उगवतीकडं तोंड केलं आणि चालायला लागले.

"आज्जे, कुठं निघालीस?" पारू.

मी बोलले नाही. बोललं की मोजणं चुकतं. बाराव्या पावलाला गुलाबाचा वाफा आडवा आला. मी वाफ्यातून गेले.

"अम्मा, रोपं मोडायलीत," रहिमाबी मागून आली.

"मोडू दे."

"आत्याबाईला ऊन लागलं वाटतं," गौरा म्हणाली. लुगड्याला काटे लागून दोन जागी फाटलं. मोजणं सोडलं नाही.

चाळिसाव्या पावलाला माझ्यासमोर एक चौथरा होता. लहान, लहान मुलाएवढा. पांढऱ्या दगडाचा, भोवती वाळू पसरलेली, लोखंडी साखळी, उशाशी उभी फरशी आणि तिच्यावर कोरलेली अक्षरं.

मला वाटलं, कोणीतरी जाणलं. इतकी वर्षं आपण जागीरदारांना शिव्या दिल्या आणि त्या माणसानं पोराचं हाड लागल्यावर दगड बांधला. मी खाली बसले. कनवटीची विभूती काढली, दगडाला तीन बोटं ओढली. पदरात बेल आणला होता, तो वाहिला. साखळीच्या आत हात घालून मूठभर माती घेतली आणि फडक्यात बांधली.

गौराला काय कळलं कोण जाणे. तिनं पदर घेतला आणि डोकं टेकलं. मग हळूच म्हणाली, "सिद्धूभावजी का?"

"हां."

"मला सांगायचं तर होतं."

तेवढ्यात पारू फरशीजवळ गेली. शाळेत तिला उर्दू शिकवतात, दिसेल ते वाचायची खोड आहे. बोट फिरवत वाचलं.

"आज्जे, मोती लिवलंय."

"मोती कोण?"

"आणि खाली लिवलंय..." ती अडखळली. रहिमाबीकडं बघितलं. "वफादार कुत्ता."

पलीकडं बायका मोराला बोलवीत होत्या.

रहिमाबीच म्हणाली, "साबाचं शिकारीचं कुत्रं, अम्मा. डुकरानं फाडलं. दगड हैदराबादहून आणला."

"पुरताना खणलं तवा काय निघालं?"

ती खाली बघायला लागली. मी परत विचारलं.

"या अंगाला कुठंबी खणलं तर निघतंच, अम्मा. माझा म्हातारा माळी होता तवा परत झाकायचा. साबाला सांगायचा न्हाई. सांगितलं तर वढ्यात टाकायला लावतील म्हणायचा."

गौरा पदरानं दगडावरची विभूती पुसायला लागली होती. मी तिचा हात धरला. "राहू दे. कुत्र्यानं काय केलंय."

असं तोंडानं म्हणाले. पोटात काय झालं ते वहीत लिहायचं नाही.

उन्ह चढलं होतं. रहिमाबीनं सावली दाखवली. चौथऱ्याच्या पुढं, त्याच उगवतीच्या अंगाला, दहा-पंधरा पावलांवर मोसंबीचं झाड होतं. बाकीच्या झाडांपेक्षा दुप्पट, फांद्या भुईला टेकलेल्या. तिथं वाकळ टाकली. धपाटे, शेंगाची चटणी, गाडग्यातलं दही. मला भूक लागली होती, खोटं कशाला सांगू. रहिमाबीला दोन धपाटे दिले. तिनं फांदी वाकवून मोसंबी तोडली.

"सगळ्या बागेत गोड हीच. हिला शेणखतबी घालावं लागत न्हाई. कोन जाने काय हाय खाली."

पारूनं तीन खाल्ली. गौरानं दोन. मी एक. गोड होती, साखरेसारखी. रहिमाबीच्या हातावर दोन आणे ठेवले तर तिनं टोपलीभर दिली. बाहेर बाजारात तेवढ्याला निम्मी येतात, तेव्हा घ्यायची तर आतच घ्या.

उन्हं कलली की फाटक लावतात. आम्ही त्याआधी निघालो. गाडी गावाबाहेर आली तशी गौरानं नवऱ्याला सगळं सांगितलं. विहीर, वाफा, कुत्रं, सगळं. मी म्हणत होते ना, पोटात ठेवत नाही. महालिंगानं ऐकलं. बरीच वाट तो गाडी हाकत राहिला. मग बैलांचे कासरे ओढले.

"माय, चाळीस पावलं कुनाची?"

"म्हंजे?"

"मोजली बापानं. चाललीस तू."

इतकं वय झालं, एवढं डोक्यात आलं नाही. ज्याच्या मागून चालताना मला जन्मभर पळावं लागलं, त्याची पावलं मी माझ्या पायानं मोजली.

गाडी वाटेतच सोडली. मी म्हणलं, "चाल."

चाकापाशी टाच लावून महालिंग रस्त्यानं चालत गेला, बापाच्या चालीनं, चाळीस मोजून थांबला. मग मी त्याच चाकापासून निघाले. चाळिसाला तो अजून लांब होता. मी चालत राहिले. त्रेपन्नला त्याच्या छातीशी पोचले.

"तेरा," पारू म्हणाली.

तेरा पावलं. कुत्र्याच्या दगडापासून पुढं, उगवतीकडं तेरा.

गाडीत गौरा मोसंबी सोलत बसली होती. तिचे हात थांबले. पारूच्या तोंडात फोड होती. ती तिनं गिळली नाही आणि थुंकलीही नाही, तशीच गाल फुगवून आमच्याकडं बघत राहिली.

"थुंकू नको," मी म्हणलं. "खा."

परत फिरता येत नव्हतं. फाटक लागलं असणार, आणि परत उघडणार ते पुढच्या माघात. महालिंग म्हणाला, मी भिंतीवरून जातो. मी म्हणलं, रात्री दरबान बंदूक घेऊन बसतो, त्याला तू मोर दिसशील. बैल जुंप.

घरी आल्यावर फडक्यातली माती पांदीच्या कडेला सोडली. लाथाडली नाही, हळूच सोडली. ती मोतीची होती, त्याची त्याला असू दे. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेल्यातलं एक मोसंबं घेऊन मालकांच्या समाधीवर गेले. सोलून ठेवलं. त्यांना कधी साल काढता आली नाही, मीच काढून द्यायची. म्हणलं, माती नाही मिळाली. हे घ्या.

कदाचित ते झाड नसेलही. विहिरीला कठडा घालताना थारोळं हललं असेल, मालकांचं मोजणं दुःखात चुकलं असेल. मला माहीत नाही, आणि कोणाला माहीत असायचं कारण नाही. बाग बघण्यासारखी आहे का, असं शेजारणी विचारतात. आहे. गुलाब आहेत, झुंबरं आहेत. गाडीत कडबा जाड टाका.

महालिंगाला अंगणात चालायला लावून त्याच्या एका पावलाएवढी सुतळी मोजून घेतली आहे. तशा चाळीस मोजून गाठी मारल्या, गुंडाळी केली. माघापर्यंत मी असले तर मी जाईन. ती गुंडाळी गौराच्या फडताळात ठेवली आहे, माझ्या नाही.