भट्टीपुढचे जोडे

"वहिनी, भट्टीजवळ कातडं आलं, तर मी भाता सोडून उठेन!"

"उठा! पण हे अनवाणी उभे राहणार नाहीत!"

धाकट्या दिरांचं, म्हणजे भावजींचं आणि माझं सकाळपासून हेच चाललं होतं. तिरुवैयारूच्या देवळाची घंटा ओतायची होती. भाता भावजी मारणार, वितळलेल्या धातूची मूस आमचे हे उचलणार. ह्यांचा डावा पाय आधीच पोळून वाकडा झालेला. उजवा तेवढा धड होता, आणि तो भट्टीला द्यायला मी तयार नव्हते!

ज्या घराच्या परसात धातू ओततात तिथं किस्से राखेसारखे साठतात. उपसावे तेवढे थोडे. आणि आमच्याकडचे सगळे पायांचेच! भांडण राहू दे तिथं, आधी ते ऐका.

*

तंजावूरचं राज्य खालसा झालं, राजवाड्यातली कामं आटली, तेव्हा दोघा भावांनी परसात भट्टी मांडली. दसऱ्याला भट्टी, मूस, सांडशी, भाता, सगळ्यांना हळदकुंकू! अशा जागी पायताण कोण घालणार?

पहिल्याच वर्षी पितळेचा थेंब ह्यांच्या डाव्या पायावर पडला. हे कळवळतायत, आणि भावजी हात जोडून म्हणतात, "देवीनं प्रसाद दिला!"

मी म्हटलं, "पुढच्या खेपेला तुम्ही पुढं व्हा. प्रसादाला मागं राहू नये!"

*

मग भावजींनीच तोड काढली. लाकूड सोवळं, तेव्हा खडावा चालतील. हे खडावा घालून वाळूवर निघाले, दोन्ही हातांत सांडशी. अंगठ्यातली खुंटी फिरली आणि हे सरळ समईच्या ओल्या साच्यावर बसले! नशीब, मूस रिकामी होती.

भावजी साच्याकडे बघत म्हणाले, "डागडुजी करू. होईल समई."

"होईल, पण ती लावायची कुठल्या देवापुढं?"

*

मग भावजी कापणीला गावी गेले, तेव्हा ह्यांच्या एका मित्रानं पलटणीच्या लिलावातले बूट आणले. गुडघ्यापर्यंत उंच, तोंड रुंद, नाडी हातभर. हे ऐटीत उभे राहिले. ठिणगी उडाली ती नेमकी बुटाच्या तोंडातून आत! नाडी सुटेना, बूट निघेना. एरवी शुद्ध मराठी बोलणारे आमचे हे "अय्यो! अय्यो!" करत गाईच्या हौदात उतरले. पाय वाचला, पण गाय दोन दिवस त्या पाण्याला तोंड लावीना.

त्या दिवशी मला कळलं, चटकन निघत नाही ते पायताण नव्हे, बेडी!

*

मला शाळेत कुणी घातलं नाही. भावजींना शिकवायला मास्तर ओसरीवर यायचे, मी दाराआड बसून ऐकायची. मास्तर भावजींसाठी आले, पण वाचायला मी शिकले!

जोड्यांचंही तसंच. कुणी शिकवलं नाही. मी चिन्नय्या चांभाराला सांजवेळी बोलावलं. तो म्हणाला, "अम्मा, मापं मी सकाळी घेतो."

"म्हणूनच अर्धं तंजावूर लंगडतं! दिवसभर उभं राहून पाय सुजतो. सुजलेल्या पायाचं माप घे."

तळ जाड हवा, बोटांना ऐसपैस जागा, वर घोट्याशी घट्ट बसणारी कातड्याची झडप, नाडी नाही, टाच झटकली की जोडा बाहेर. तो म्हणाला, "हे सगळं कुणी शिकवलं, अम्मा?"

"पोळलेल्या पायाला तूप लावता लावता शिकले!"

*

तर तेच जोडे त्या दिवशी भट्टीपुढं आले होते. धातू वितळत आला होता. हे मधे उभे, एका पायात जोडा, दुसरा हातात. बायकोचं ऐकावं की भावाचं!

"अहो, घाला!" मी म्हटलं.

"दादा, काढ!" भावजी भाता दाबत ओरडले. "इतक्या वर्षांत या भट्टीला कातड्याचा विटाळ झाला नाही! उद्या घंटा फुटली तर देवळाला काय सांगू?"

ह्यांनी पायातला जोडाही काढायला घेतला. मग मात्र मी पदर खोचला आणि भावजींच्या पुढ्यात जाऊन हात पसरला.

"बरं भावजी, जोडे मी नेते बाहेर, त्यांच्याबरोबर तुमच्या हातातला तो बकऱ्याच्या कातड्याचा भाताही द्या!"