शेरू तिच्याकडे गेलाच नाही

मित्रहो, आज बायकोला आणि कुत्र्याला घेऊन आर्णीला गुरांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो.

अपघातात मुलगा गेला तेव्हापासून बायको खचली आहे. उपचारासाठी नागपूरला मुलीकडे राहायचं, पण मुलाच्या शेरूला सोडून ती निघत नाही. हा कुत्रा आजाऱ्याला आधार देतो, असा दाखला मुलीच्या घरमालकाला हवा.

म्हणून त्याला शिकवायला रोज देवपूजा आटोपली की मी गोठ्यात बसून रडायचो. शेरूने मांडीवर डोकं ठेवलं की भाकरीचा तुकडा द्यायचो.

डॉक्टर म्हणाले, "मी लसीचा दाखला देतो. आधाराच्या दाखल्याचं मनाच्या डॉक्टरले विचारा. पण शिकला काय, पाहू तं. ताई, रडल्यासारखं करा."

तिने पदर डोळ्यांना लावला. शेरू उठला आणि सरळ माझ्या मांडीवर डोकं ठेवून बसला.

"हा तं तुमच्याजवळच येते," ती म्हणाली. "गोठ्यात तुमी खरंच रडत होते काय जी?"

"खोटंखोटं. त्याले शिकवाले."

तिने माझा हात धरला. घरी येईपर्यंत सोडला नाही.

मुलगा गेला तेव्हा भेटायला आलेला प्रत्येकजण मला सांगायचा, "तू खंबीर राह्य, तिले सांभाळ."

तुमच्याकडे बाप कोणाजवळ रडतो?