बायकांच्या बाजूचा पडदा

मराठवाड्यातल्या आमच्या गोरेगावात तंबूतला सिनेमा यायचा तो कापूस आणि ज्वारी घरात आल्यावर. बाजारतळाच्या मागे दोन-तीन दिवस खुंट्या ठोकल्याचे आवाज यायचे, मग एका संध्याकाळी भोंगा सुरू व्हायचा आणि गावातल्या म्हशींच्या धारा एकदम लवकर निघायच्या.

तंबूत पडदा एकच, पण माणसं त्याच्या दोन्ही बाजूंना. पुढच्या बाजूला पुरुष, मागच्या बाजूला बायका. मशीन पुरुषांच्या पाठीमागे. चित्र आधी पुरुषांसाठी पडद्यावर पडायचं आणि उरलंसुरलं कापडातून झिरपून आमच्यापर्यंत यायचं. घरात जेवणाचाही तोच क्रम असल्यामुळे कुणाला यात काही वावगं वाटत नव्हतं. आमच्या बाजूला सगळं उलटं दिसायचं, त्यामुळे आमचे देव डाव्या हाताने आशीर्वाद द्यायचे आणि नटनट्या डाव्या हाताने जेवायच्या. एकदा मी पुरुषांच्या बाजूने डोकावले तेव्हा देवाने उजवा हात वर केलेला बघून मलाच तो तोतया वाटला.

मी तेव्हा तिथल्या शाळेत नवीन शिक्षिका होते आणि मावशीकडे राहायचे. मावशी विधवा, घरात एक शिवणयंत्र, आणि त्या यंत्रावर तिचं सगळं चालायचं. आसपासच्या तांड्यांवरून आणि पार शिरड शहापूरकडच्या सोयरिकीतून तिच्याकडे पोलकी शिवायला यायची. त्याचं कारण सिनेमा. मावशीला गोष्टीशी काही देणंघेणं नव्हतं. नटी विहिरीत उडी मारत असली तरी मावशी बघायची तिच्या बाहीची चूण. रात्री बघितलेला गळा दुसऱ्या दिवशी तिच्या कात्रीखाली असायचा. लग्नसराई जवळ आली, की पोरी येऊन सांगायच्या, 'मावशे, परवाच्या सिनेमातल्यासारखं.' एवढंच सांगितलं की पुरे.

त्या वर्षी आमच्या बाजूचं चित्र जायला लागलं. पूर्ण जात नव्हतं, तसं झालं असतं तर भांडता तरी आलं असतं. सुरुवातीला छान दिसायचं, मग मध्यंतराच्या आसपास पातळ ताकासारखं व्हायचं. एखाद्या दिवशी शेवटपर्यंत टिकायचं, एखाद्या दिवशी पहिल्या गाण्यालाच राम म्हणायचं. आवाज मात्र खणखणीत. पलीकडे पुरुष शिट्ट्या वाजवतायत, आणि इकडे आम्ही एकमेकींना विचारतोय, कोण मेलं गं?

उपाय सुरू झाले. प्रत्येकीकडे एकेक होता. पहिला संशय शेंगा विकणाऱ्या बाईच्या गॅसबत्तीवर गेला. ती पडद्याजवळून गेली की चित्र फिकं पडायचं, हे खरंच होतं. तिला बाहेर बसवलं. थोडा फरक पडला, मग पुन्हा तेच, शिवाय शेंगाही गेल्या. मग कुणी म्हणालं, इंजिनात रॉकेल भेसळीचं आहे. कुणी म्हणालं, पुढे बसणाऱ्या बायकांचे अंबाडे. अंबाड्यांवरून जे भांडण झालं ते त्या आठवड्यातल्या सगळ्या सिनेमांपेक्षा चांगलं होतं आणि स्पष्ट दिसलं.

तंबूच्या मालकाकडे तक्रार नेली तर तो दर वेळी पुढच्या बाजूला जाऊन बघायचा आणि समाधानाने परत यायचा. पुरुषांकडे सगळं ठीक होतं. किंबहुना इतकं लख्ख चित्र आजवर दिसलं नव्हतं, असं माझ्या शाळेचे हेडमास्तरही म्हणाले. मी त्यांना हट्टाने आमच्या बाजूला आणलं. ते धोतर आवरत, नजर जमिनीवर ठेवत, पाच मिनिटं उभे राहिले. तेवढा वेळ चित्र असं झळझळीत, की नटीच्या नाकातली चमकी मोजून घ्यावी. हेडमास्तर माझ्याकडे बघून हसले आणि गेले. तपासायला माणूस आला की बिघाड कसा शहाण्या लेकरासारखा वागतो, हे मी पुढे आयुष्यभर रेडिओपासून जावयांपर्यंत सगळीकडे बघितलं.

शेवटी मालकाने निकाल दिला. तो मूळचा हैदराबादेकडचा, बोलायला गोड.

"पडदा बराबर हाय बाई. तकलीफ बायकांच्या नजरंत हाय."

हे वाक्य गावभर झालं. पुरुषांना तर फारच आवडलं. भाजीत मीठ कमी पडलं तरी नजर तपासायचा सल्ला मिळू लागला. बाकीच्या बायका हसून सोडून द्यायच्या. मावशी हसली नाही.

गेले काही महिने ती सुईत दोरा ओवायला अंगणात उन्हात जाऊन बसायची. विचारलं तर म्हणायची, आजकालचा दोराच फुसका, टोक धरत नाही. काळ्या कापडाचं काम ती उद्यावर ढकलायची. मला ते दिसत होतं आणि बघायचं नव्हतं. परभणीला, म्हणजे तेव्हाच्या आमच्या जिल्ह्याच्या गावी, डोळ्यांचा डॉक्टर होता. पण मावशी डॉक्टरकडे गेली हे कळलं असतं, की दुसऱ्या दिवसापासून तिच्याकडे कापड यायचं बंद. डोळे गेलेल्या बाईकडे लग्नाचं पोलकं कोण टाकणार?

एका संध्याकाळी यंत्रावर झाकण घालताना ती माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "पोरी, खरं सांग. पडदा जाऊन राहिला, का माझे डोळे?"

"पडदा," मी म्हणाले. "आमाला सगळ्यांनाच दिसत न्हाई."

"तुझी शपथ?"

"माझी शपथ."

शपथ घेतल्यावर ती सिद्ध करणं आलं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी थेट तंबूत गेले. रिकाम्या तंबूत मी पहिल्यांदाच पुरुषांच्या बाजूने पडद्याला हात लावला, आणि माझा तळवा पांढराफटक झाला. चुना! पडद्याला दिवाळीतल्या भिंतीसारखा चुना फासला होता, वर निळीचा हात. तंबूचा कामगार खुंटीला दोर बांधत होता. त्याने अभिमानाने सांगितलं, की मागच्या मुक्कामाला, वारंगा फाट्यावर, पुरुषांनी चित्र मळकट दिसतं म्हणून ओरड केली, तेव्हा मालकाने रंगवून घेतला. आता कसं झकास येतं!

आणि पाणी? मी विचारलं. खेळाआधी पडद्यावर पाणी मारताना मी त्याला बघितलं होतं. म्हणाला, ते जुनंच आहे, पाण्याने कापडातून उजेड पार जातो, बायकांसाठीच मारतात. एकदा मारतो, मग मशीनकडे जावं लागतं.

मला तिथेच नाचावंसं वाटलं. ओला होता तोवर चुना उजेड सोडत होता, वाळला की भिंत. वारा पडलेल्या दिवशी पडदा ओला राहायचा, वारं सुटलं की मध्यंतराला खडखडीत. हेडमास्तर आले होते ते खेळ सुरू होताहोता. सगळं जुळलं. पुरुषांना लख्ख दिसत होतं ते आमच्या वाटणीचं. मी पांढरा तळवा तसाच घेऊन गावातून घरी आले आणि येताना दिसेल त्या बाईला दाखवला.

मालक आधी ऐकेना. मग बायकांनी निरोप धाडला, की आमी आलो न्हाई तर आमच्या घरचं कुणीच यायचं न्हाई. गावातल्या पुरुषांना विचारायची गरज कुणाला वाटली नाही, आणि मालकालाही वाटली नाही. त्याने पडदा उतरवून दिला. दहा-बारा जणींनी तो ओढ्यावर नेऊन असा आपटला, की मालक काठावर उभा राहून गयावया करू लागला. चुन्याने ओढा दुधासारखा झाला. मावशीही होती, पदर खोचून, सगळ्यांत जोरात. मालकाच्या नजरेचा उद्धार करत होती. तिला इतकं मोकळं हसताना मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

पाण्याची सोयही झाली. कुणाच्या तरी घरचा कपाशीवर फवारायचा पंप आणला, धुऊन घेतला म्हणे. कामगाराने खेळाआधी पडदा चिंब केला, आणि मध्यंतरात पुन्हा करायचं कबूल केलं. त्या संध्याकाळी तंबूत एकही डास नव्हता, त्यामुळे पंप कितपत धुतला होता याबद्दल मला शंका आहे.

आम्ही दोघी अगदी पुढे बसलो. दिवे गेले आणि चित्र उमटलं. काय सांगू! बांगड्यांवरची नक्षी दिसत होती. झाडाचं पान न् पान दिसत होतं. बायकांनी टाळ्या वाजवल्या, कुणी पुरुषांच्या बाजूला ऐकू जाईल असं काहीबाही म्हणालं. पलीकडून पहिल्यांदाच ओरड झाली, की चित्र मंद आहे, आणि आमच्याकडे हास्याचा एकच गलका उठला. नटी समोर येऊन पाठमोरी वळली. तिच्या पोलक्याचा गळा मागून खोल, कडेला झालर, आणि झालरीवर टिकल्या. मला शिवण येत नाही, तरी मी तो कागदावर काढू शकले असते. मी मावशीकडे वळले, तिला कोपर मारायला.

ती मान उंच करून पडद्याकडे बघत होती. पडद्याचा सगळा उजेड तिच्या तोंडावर पडला होता, तिची एकेक सुरकुती मला दिसत होती. ती माझ्या कानाशी वाकली.

"पाणी मारलं न्हाई का गं अजून?"

मला इतका राग आला, आणि तो काढायला समोर कुणीच नव्हतं. मालक नाही, हेडमास्तर नाही, पुरुष नाहीत.

"न्हाई मावशे," मी म्हणाले. "मारतील आता."

ती बरं म्हणाली, आणि पदर सावरून वाट बघत बसली.