मूल ‘ते’ नसतं

आमच्या मामाला चुकीचा शब्द सहन व्हायचा नाही. कुणी चुकलं की मांडीवर फाटकन थाप मारायची, मग बोलायची. मामा म्हणजे कुणाचा भाऊ नव्हे हं! केनियाच्या किनाऱ्यावरची धिप्पाड बाई, आमच्या निनादला सांभाळायची. तिकडे मामा म्हणजे आई. चिपळूणहून सासूबाई फोनवर विचारायच्या, “अगं, मामाने पोराला जेवू घातलं का?” आणि स्वतःच हसत सुटायच्या.

मला हसू येत नव्हतं. मुलाला चौथं लागलेलं, नाव निनाद, आणि तोंडातून शब्द नाही. म्हणजे माझ्यासाठी नाही. मामाशी मात्र तो बोलायचा, तिच्या गिर्यामा भाषेत. मी सकाळीच रोल्लाच्या घरून दुबईच्या ऑफिसला पळायची, नवरा तिकडे लांब रुवैसला तेलाच्या कारखान्यात, महिन्यातून दोनदा घरी. पोराच्या कानावर दिवसभर मामाच. मी मराठीत हाक मारली की भिंतीकडे बघायचा. थेरपिस्टबाई म्हणाल्या, तो जी भाषा बोलतो ती आधी तुम्ही बोला, मग हळूहळू त्याला तुमच्याकडे आणा. आणि त्याच आठवड्यात मामाने सांगितलं, “मॅडम, व्हिसा खलास. अब घर.”

मी पाया पडायची तेवढी राहिले. ती म्हणाली, “मेरा लडकी फोन पे मेरे को आंटी बोलता है, मॅडम.” ती जाईपर्यंत जेवढं ओरबाडता येईल तेवढं शिकायचं, एवढंच हातात उरलं.

शिकवण्याच्या बाबतीत आनंदीआनंद. नियम विचारला की म्हणायची, “रूल मालूम नहीं. आगेवाला जो टोपी पहनता, पीछेवाला वही पहनेगा.” माणूस म्हणजे मुतू (हसू नका, मी हसून घेतलंय), चांगला माणूस मुतू मुजो. वस्तू म्हणजे कितू, चांगली वस्तू कितू किजो. पाणी माजी, चांगलं पाणी माजी माजो. हा ज आपल्या जाळ्यातला, तेवढंच काय ते सोपं. मी मराठी बाई, तो-ती-ते लावल्याशिवाय मला घास उतरत नाही. “खुर्ची बाई की पुरुष?” असं विचारलं तर मामा म्हणाली, “कुर्सी का शादी करना है क्या?”

भडकली ती एकदाच. निनाद शहाण्यासारखा जेवला, म्हणून मी कौतुकाने म्हटलं, “म्वाना किजो!” गुणाचं बाळ! आपल्याकडे मूल ते, लेकरू ते, म्हणून मी त्याला खुशाल वस्तूंत ढकललं. मामाने ताटली आपटली. “बच्चा चीज है क्या? मुजो! म्वाना मुजो!” आपल्यात ‘ते’ किती लाडाचं असतं हे मी परोपरीने सांगितलं. “तुम्हारा लाड तुम्हारे पास,” म्हणाली, आणि निनादला कुशीत ओढून त्याच्या कानात “मुजो, मुजो” म्हणत राहिली. पोरगं खिदळत होतं. मला दोघांचा इतका राग आला की बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

मग मी वेड्यासारखी घोकायला लागले, बसमध्ये, लिफ्टमध्ये. घरी येऊन तोंड उघडलं की सगळ्या टोप्यांची अदलाबदल. निनाद क्षणभर ऐकायचा आणि मामाकडे वळायचा.

मामा गेली. एअरपोर्टवर माझे डोळे पुसत म्हणाली, “यल्ला, चलो मॅडम. गलत बोलो, लेकिन बोलो.” निनादकडे मात्र तिने मागे वळून पाहिलं नाही.

त्यानंतर तो गप्पच झाला. मराठी नाही, गिर्यामाही नाही. मामाला फोन लावून दिला तर मोबाइल ढकलायचा. दिवसभर दाराशी बसून राहायचा. मला येत होतं नव्हतं ते सगळं बोलून झालं. एका सुट्टीच्या दुपारी माझा धीर सुटला. त्याच्याशेजारी फरशीवर फतकल मारली, स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि हुंदके देत म्हटलं, “मामा किजो. मामा किजो रे, राजा.” आई चांगली आहे. पुन्हा तीच चूक, आणि माझ्या लक्षातही आली नाही.

त्याने मांडीवर फाटकन थाप मारली.

“मुजो,” तो म्हणाला. “मामा मुजो.”

माझ्याशी बोललेले त्याचे पहिले शब्द. मी घाईघाईने म्हटलं, “मुजो, मुजो.” तो मात्र बंद दाराकडे बघत होता. कोणती मामा, ते मी विचारलं नाही.