मागच्या सीटवरचा तिसरा

सुरुवातीलाच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. गाडीला लिंबू-मिरची बांधायची आणि टायरमधली हवा मात्र सहा-सहा महिने बघायची नाही, अशी माणसं पाहिली की माझं डोकं फिरतं. इंजिन बंद पडलं तर त्याला कारण असतं... पेट्रोल, हवा नाहीतर ठिणगी. चौथं काही नसतं. तरीही हे लिहितोय, कारण माझ्यावर अन्याय झालाय आणि तो नेमका कोणी केला हे मला आजवर कळलेलं नाही.

आम्ही मूळचे अमळनेरकडचे. नव्वदच्या दशकात मी सुरतेत पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये मेंटेनन्स फिटर होतो, राहायला उधन्यात. एक जुनी गाडी घेऊन तिचं इंजिन मी स्वतः खोलून बांधलं होतं. (कुठली ते लिहीत नाही — कंपनीचा यात काही संबंध नाही.) प्लेग येऊन गेला त्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या थंडीत तिथल्या एका मोटर क्लबनं रविवारी सकाळी रॅली ठेवली. रॅली म्हटलं की लोकांना शर्यत वाटते... साफ चूक! यात ठरवून दिलेल्या वेगानंच जायचं असतं. उशिरा पोचलात तरी दंड, लवकर पोचलात तरी दंड. वाटेतले तपासनाके कुठे आहेत ते आधी सांगत नाहीत. आणि गाडीत माणसं दोनच — एक चालवणारा, एक रस्ता सांगणारा. तिसरा दिसला की बाद.

रस्ता सांगायला मी माझ्या बायकोला घेतलं, मंगलला. मिलमधले हसले. "भाभी को लेके पिकनिक जा रहे हो क्या?" हसा म्हटलं. मंगल शिकली आठवीपर्यंत, पण घड्याळ आणि किलोमीटर यांचा मेळ ती तोंडी घालायची. आठ रविवार आम्ही हजीरा रोडवर सराव केला होता.

नऊ वाजता अठवा लाइन्सहून निघालो. पूल ओलांडला, इच्छापोरला पहिला नाका. तिथून ओलपाडकडच्या आतल्या रस्त्यांना लागलो. दोन्ही बाजूंना उंच ऊस. दुसऱ्या नाक्यावरच्या माणसानं वेळ लिहिली आणि खिडकीतून पाण्याचे तीन पाउच आत दिले. मंगल म्हणाली, "भला माणूस आहे हो, एक जास्तीचा दिला." मला तेव्हा काहीच वाटलं नाही.

पुढे साधारण चार किलोमीटरवर डावीकडे एक आंधळं वळण होतं. वेग पंचेचाळीस, अगदी बरोबर. तेवढ्यात कानामागून आवाज आला, "हयू... हयू घे रे."

आमच्या अहिराणीत 'हळू'ला 'हयू' म्हणतात. मी ब्रेक दाबला. वळलो तर समोर उसाची ट्रॉली आडवी पडलेली, रस्ताभर ऊस. गाडी ट्रॉलीपासून दहा-बारा फुटांवर थांबली. कडेच्या मातीवरून कशीबशी गाडी काढली आणि गेलेली वेळ पुढच्या सरळ रस्त्यावर भरून काढली. बोलायला फुरसत कुठे होती!

शेवटाला पोचलो तेव्हा मंगलच्या हिशोबानं आमची एकूण चूक नऊ सेकंदांची. नऊ! मी मनात पहिला नंबर घेऊनच टाकला होता. निकाल वाचला गेला... आमचं नावच नाही.

मी तडक सेक्रेटरींकडे गेलो. साठीचे शांत गृहस्थ. त्यांनी कागद पुढे सरकवला. पहिल्या नाक्यावर 'माणसं दोन'. दुसऱ्या नाक्यावर 'माणसं तीन'. तिसऱ्या नाक्यावरही 'माणसं तीन'.

"वाटेत कोणी माहितगार उचलला आणि शेवटच्या आधी उतरवला," ते म्हणाले. "असं करतात लोक."

माझा संताप बघा! नऊ सेकंदांच्या चुकीत माणूस उचलायचा, उतरवायचा? गाडी तेवढ्यासाठी थांबली असती तर वेळ जुळली असती का? हे साधं गणित त्या क्लबात एकालाही सुटेना. दोन्ही नाक्यांवरच्या माणसांना बोलावलं, वेगवेगळं विचारलं. पाउच देणारा म्हणाला, "पाछळ काका बेठा हता ने! तीन पाउच मैंने ही दिये." मागे बसलेले हे काका कसे होते? पांढरा सदरा, वाकून बसलेले, एक हात ड्रायव्हरच्या सीटवर. तिसऱ्या नाक्यावरचाही तेच म्हणाला... हातसुद्धा.

त्या दोघांची एकमेकांशी ओळख नव्हती. आमच्याशी वैरही नव्हतं.

शेवटी सेक्रेटरी नरमले. "तुम्ही दोघं लेखी द्या, की गाडीत तिसरं कोणी नव्हतं. मी कमिटीपुढे ठेवतो. तुमचा नंबर परत मिळेल." मी झरझर लिहिलं, सही ठोकली, पेन मंगलपुढे धरलं.

तिनं पेन घेतलं नाही.

"अहो, त्या वळणावर 'हयू घे' तुम्हीच म्हणालात ना? स्वतःशी?"

"मी? तू म्हणालीस!"

"मी तुम्हाला 'घे रे' म्हणेन?"

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. अहो-जाहोशिवाय ती माझ्याशी कधी बोलली नाही. मला त्याच क्षणी कळायला हवं होतं, पण मी चिडलो. चारचौघांत ओरडलो, "सही कर! आठ रविवार वाया घालवायचेत का?" ती हळूच म्हणाली, "ज्यानं आपल्याला वाचवलं, तो नव्हताच असं मी नाही लिहून देणार."

पाच-सहा महिने आमच्यात धड बोलणं नव्हतं. मी माझ्या घरात, सासुरवाडीला, मिलमध्ये, सगळीकडे विचारलं. गाडी ज्याच्याकडून घेतली त्यालाही भेटलो. पांढऱ्या सदऱ्यातला असा कोणी माणूस कुणालाच आठवेना. भास म्हणावा तर चार माणसांना एकाच सकाळी कसा झाला? त्यातल्या दोघांना दिसला, दोघांना ऐकू आला.

क्लबाच्या वहीत आम्ही अजूनही बाद आहोत, कारण 'तिसरा प्रवासी'. बक्षिसाचं मला काही वाटत नाही. पण मी नियम मोडला, फसवलं, असं तिथे लिहिलंय आणि ते खोटं आहे. मात्र ते खोटं आहे असं लिहून द्यायला माझी बायको तयार नाही... आणि खरं सांगायचं तर, आज तो कागद कोणी पुढे केला तर मीही सही करेन की नाही, मला सांगता येत नाही.