आधी विचारणारा लॅपटॉप

बसस्थानकाच्या बाकावर बहिणीने मी तिला दिलेला माझा जुना लॅपटॉप उघडला आणि कुणी काही करण्याआधीच तो कुठल्यातरी वाय-फायला जोडला गेला. शहरातल्या वसतिगृहात राहायला ती पहिल्यांदाच निघाली होती.

"कुणाचं आहे हे?" मी विचारलं.

"कुणाचं का असेना, फुकट आहे."

शेजारी आई डब्याच्या पिशवीला गाठ मारत होती. "न विचारता कुणाच्याही घरात शिरतो होय हा? तुझ्यावरच गेलाय," ती बहिणीला म्हणाली. हसली, पण गाठ तिने पुन्हा आवळली.

आमच्या गल्लीत दारं दिवसभर उघडी असतात. तरी दिवेलागणीनंतर कडी वाजली, की आई आतून विचारते, "कोण?" नुसतं "मी" तिला चालत नाही. नाव सांगावं लागतं, मलासुद्धा. त्यात अविश्वास नसतो. नाव कळलं की चहाचं आधण चढतंच. घरातला पहिला पदवीधर मी. शहरात अनोळखी माणसांनीच मला हात दिला, पण तो धरण्याआधी "कोण?" विचारायला मी आमच्या दारातच शिकलो.

अशा वाय-फायवरून पासवर्डही कुणी टिपून घेऊ शकतं. मी त्या वाय-फायचं नाव काढून टाकलं आणि 'आपोआप जोडा' यासमोरची खूण पुसली. आता आसपासच्या वाय-फायची नावं पडद्यावर नुसती थांबून राहिली.

"आता हा आधी मला विचारणार," बहीण आईला म्हणाली.

बस लागली. आईने पिशवी तिच्या हाती दिली, गाठ जराशी सैल करून.