पांढरं राखावं लागतं

वडिलांचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकापाशी होते. कामाच्या वेळी ते कधीच फोन करत नाहीत, त्यामुळे नाव दिसताच बाहेर आले. “आक्का गेली,” एवढंच ते म्हणाले; आणि मी काही विचारायच्या आत, “चित्र तसंच राह्यलं गं तिचं…” शकुंतलाआत्या, माझ्या वडिलांची थोरली आणि एकुलती बहीण, नगरजवळच्या केडगावच्या घरी दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. त्याला आता काही आठवडे झाले. हृदय का थांबतं, हे मला शास्त्राच्या भाषेत सांगता येतं. वडिलांच्या त्या दुसऱ्या वाक्याला मात्र तशी भाषा नव्हती.

आत्या नगरच्या शाळेत चित्रकला शिकवत असे. निवृत्तीनंतर तिने निसर्गचित्रं, गणपती, फुलदाण्या सगळं सोडलं आणि फक्त आपल्या माणसांचे चेहरे जलरंगात रंगवले. आमच्या कुटुंबात जन्मलेला किंवा लग्न होऊन आलेला एकही माणूस तिच्या कुंचल्यातून सुटला नाही. खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीत ती त्याला बसवायची आणि जरा कोणी हललं की वर्गात वटारावेत तसे डोळे वटारायची. चौकटही घरीच करायची. पुठ्ठा कापून त्यावर त्या माणसाच्या अंगावरचं जुनं कापड चढवायचं, हा तिचा नियम. वडील एसटीत मेकॅनिक होते, तर त्यांच्या चित्राला खाकी कापड. मी पदवीला पहिली आले तेव्हा तिने माझा टाकून दिलेला लॅबकोट मागून घेतला. “बाहीवर हा डाग कशाचा?” “सिल्व्हर नायट्रेटचा.” “जाईल?” “नाही.” “मग हाच वर घेते.” तो डाग आजही माझ्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूला, चौकटीवर आहे.

लहानपणी मी तिच्या रंगपेटीत पांढरी ट्यूब शोधत असे. ती नसायचीच. जलरंगात पांढरा लावायचा नसतो. जिथे उजेड हवा तिथे कागद कोरा सोडायचा असतो, हे तिने मला तेव्हा समजावलं. “पांढरं विकत मिळत नाही, राखावं लागतं,” असं ती म्हणायची. शेताची राखण करावी, त्या अर्थाने. एकदा त्या जागेवर रंग गेला की परत कोरं होणं नाही.

या सगळ्या चेहऱ्यांत एक चेहरा नव्हता. वडील अंगावर पीत होते तेव्हा त्यांची आई तिसगावात तापाने गेली. दुसऱ्यांच्या शेतावर खुरपायला जाणाऱ्या बाईचा फोटो त्या काळी कोण काढणार? आत्या तेव्हा सहा वर्षांची होती. पुढे तिनेच भावाला वाढवलं. म्हणजे आपल्या आईला पाहिलेलं एकच माणूस वडिलांच्या आयुष्यात उरलं होतं, आणि ते माणूस चेहरे रंगवणारं होतं. त्यांची मागणी मला कायमच तर्कशुद्ध वाटली. दर भेटीत तोच विषय निघायचा. “समद्या गावाची थोबाडं काढलीस, आईचंच तेवढं न्हाई.” “काढीन रे.” “कवा? म्या गेल्यावर?” “तू कुठं जातोस! तुला एसटी तरी वेळेवर मिळते का?” असं ती म्हणाली की हशा व्हायचा आणि विषय बुडायचा.

एका दिवाळीच्या सुटीत मी तो प्रश्न माझ्या पद्धतीने सोडवायला घेतला. वडील, आत्या आणि आम्हा नातवंडांचे फोटो संगणकाला दिले, वय आणि काळ सांगितला आणि आजीचा संभाव्य चेहरा तयार करून घेतला. नऊवारी, कपाळावर गोंदण, वडिलांचे डोळे. वडील पडद्याकडे बघतच राहिले. “आक्के, अशी हुती व्हय गं?” आत्याने चष्मा लावून नीट पाहिलं. “बाई चांगली आहे. पण ही आपली आई नाही.” “मंग कशी हुती?” ती उठली आणि चहा ठेवायला आत गेली.

मी मागोमाग गेले. गॅस पेटवायचा सोडून ती ओट्याला टेकून उभी होती. “मला तिचं तोंड आठवत नाही गं,” ती म्हणाली. “तुझा बाप रडायचा. मग मी सांगायची, आईचं नाक तुझ्यासारखं होतं, हसली की गालाला खळी पडायची… सांगता सांगता एक बाई तयार झाली. ती आई नाही, ती मी केलेली आहे.” मी म्हटलं, “मग तीच काढ. ते इतकी वर्षं तिच्याच आधाराने जगलेत.” तिने मान हलवली. “बोललेलं विरून जातं गं. काढलेलं भिंतीवर राहतं. मी न पाहिलेलं तोंड काढलं, तर तो त्याच्यापुढे हात जोडेल…” मग नेहमीच्या आवाजात, “साखर दे इकडे, आणि त्याला बोलू नकोस.” मी बोलले नाही. वैज्ञानिक म्हणून मला तिची बाजू पटत होती. मुलगी म्हणून पटत नव्हती.

त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी तिने वडिलांना निरोप धाडला, बसायला ये. मी त्यांना घेऊन गेले. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून ते खुर्चीत बसले. आत्याने चित्राची फळी स्वतःकडे वळवून धरली होती. आम्हाला काही दिसू देईना.

“माझं कशापायी काढतीस? आईचं काढ म्हनलो हुतो म्या.”

“तेच काढतेय.”

“मंग मला का बसवलंय?”

“हलू नको. तान्हा होतास तेव्हाही असाच वळवळायचास!”

चहा होईपर्यंत ती त्यांचे डोळे आणि कपाळ निरखत राहिली. निघताना वडिलांनी डोकावायचा प्रयत्न केला, तर म्हणाली, “वाळू दे आधी.” तीच आमची शेवटची भेट.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, म्हणजे आत्याच्या स्मरणार्थ बुद्धवंदना ठेवली होती तेव्हा, हाराआड मोबाईलमधला एक धूसर फोटो मोठा करून ठेवला होता. सगळ्यांची चित्रं काढणाऱ्या बाईचं चित्र कोणीच काढलं नव्हतं. वंदना झाली, माणसं पांगली, आणि वडील खिडकीकडे गेले. कागद अजून फळीवर, चारी कडांना पट्ट्यांनी चिकटवलेला. चित्रात एक बाई पायवाटेने पाठमोरी चालली आहे. विटक्या हिरव्या लुगड्याचा पदर, मानेवरचा अंबाडा, आणि तिच्यापुढे नुसता राखलेला कागद, ऊन. तिच्या खांद्यावरून एक तान्हं मूल मागे बघतं आहे. त्याचा चेहरा मात्र पापणीच्या केसापर्यंत पुरा.

“ह्यो मी हाय,” वडील म्हणाले. मग ते वाकून चित्र जवळून तपासू लागले. बिघाडाचं कारण सापडल्याशिवाय ते गाडी सोडत नसत. “म्हंजी आक्कालाबी आईचं तोंड आठवत नव्हतं.”

“नाही.”

“तुला म्हाईत हुतं?”

“हो.”

“मंग ती खळी, ते नाक…?”

“तुम्ही रडायचात म्हणून.”

मला वाटलं, ते चिडतील किंवा कोसळतील. त्यांनी हात पुढे केला आणि कागदाला न लावता बोट त्या मुलाच्या चेहऱ्यावरून फिरवलं. “आईनं मला असं घेतलेलं हुतं तर…” आणि मग, “माझं तोंड मातर बराबर ध्यानात हाय आक्काच्या.”

मी चित्राकडे पुन्हा पाहिलं ते मोजमापाच्या नजरेने. क्षितिजाची रेषा त्या बाईच्या कमरेशी आहे. क्षितिज नेहमी बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर असतं, हेही मला आत्यानेच शिकवलं होतं. म्हणजे हे बघणारं कोणी आईच्या कमरेइतकंच, सहा वर्षांच्या पोरीएवढं उंच होतं, आणि पायवाटेने तिच्या मागून चाललं होतं. त्याला आईचं तोंड दिसणं शक्यच नव्हतं. त्याला दिसत होता तो खांद्यावरचा भाऊ. आत्याचं चित्र कोणी काढलं नाही, हे माझं म्हणणं मग मला मागे घ्यावं लागलं.

परवा आम्ही पुन्हा केडगावला गेलो. कागद फळीवरून सोडवून चौकट करू या, असं मी सुचवलं. पुठ्ठा तिने कापून ठेवलेलाच होता. वडील म्हणाले, “ऱ्हाऊ दे. अजून वाळलं नसंल.”

जलरंग वाळायला किती वेळ लागतो, हे मला ठाऊक आहे. मी पट्ट्यांना हात लावला नाही. वडील जाऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसले, सदरा नीट केला, पाठ ताठ केली, आणि अजिबात हलले नाहीत.